कोड, थायरॉईड, बी१२ आणि भावाची शुगर: कोरेगावच्या ताईंना उत्तर

कोरेगाव तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय, ते आधी थोडक्यात सांगते. वय ३४. अकरा वर्षांपासून कोड आहे, आधी बोटांच्या टोकांवर आलं मग ओठांच्या कडेला आणि डोळ्यांभोवती. गेल्या वर्षी थायरॉईड निघाला, गोळी चालू आहे. आता सहा महिने पायाला मुंग्या येतात, बी१२ कमी आलंय. घर माळकरी. सासूबाई म्हणतात की कोड आता रक्तात उतरलं, एकेक अवयव धरत जाणार. धाकट्या भावाला चार महिन्यांपूर्वी शुगर निघाली. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला पण होणार का. आणि लॅबवाल्यानं फुल बॉडी पॅकेज सांगितलंय ते करू का.

मी सांगली-मिरजेत २२ वर्षं स्किनची प्रॅक्टिस करतेय. मिरजेला निम्मं कर्नाटक दवाखान्याला येतं, त्यामुळं कोडाचे पेशंट मी खूप बघितलेत आणि त्यांचे बाकीचे आजारही बघितलेत. सगळ्याचं उत्तर देते, जरा लांब होईल.

पण आधी भावाचं.

ताई, तुम्ही भावाबद्दल एकच ओळ लिहिलीय, "वय २९, अंगानं बारीक, घरात कुणाला शुगर नाही, गोळ्या चालू आहेत तरी वजन उतरतंय." तुमच्या सगळ्या प्रश्नांत मला ही ओळ जास्त लागली. बारीक तरुण माणूस, गोळ्या खाऊन पण वजन उतरतंय आणि सख्ख्या बहिणीला कोड आणि थायरॉईड, हे एकत्र आलं की टाइप १ डायबेटिसचा, म्हंजे शरीराची राखण करणारी यंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते त्या शुगरचा, विचार करायलाच पाहिजे. टाइप १ म्हंजे लहान पोरांचाच आजार असं लोकांना वाटतं आणि कधी कधी डॉक्टरांच्याही डोक्यात तेच बसलेलं असतं, पण तो तिशीत चाळिशीत पण सुरू होतो, आणि मोठ्या वयात हळूहळू येतो म्हणून पहिले काही महिने साध्या शुगरसारखाच दिसतो, गोळ्यांनी थोडा दबतो पण. मग शरीरातलं उरलंसुरलं इन्सुलिन संपत जातं आणि माणूस एकदम कोसळतो. त्यासाठी दोन रक्ताच्या टेस्ट असतात, जीएडी अँटिबॉडी आणि सी-पेप्टाइड, पहिलीनं हा हल्ला चालू आहे का ते कळतं आणि दुसरीनं शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय ते. भावाच्या डॉक्टरांना एवढंच सांगायचं, "बहिणीला कोड आहे आणि ऑटोइम्यून थायरॉईड आहे, तर टाइप १ बघायचा का?" ऑटोइम्यून म्हंजे राखण करणारी यंत्रणा आपल्याच शरीरावर उलटणं. चांगला डॉक्टर या वाक्यावर थांबतो. त्याच्या गोळीच्या पाकिटावर शेवटी "ग्लिफ्लोझिन" असलेलं नाव आहे का ते पण बघा, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं काही. ही औषधं चांगली आहेत, पण माणूस खरंच टाइप १ असेल तर त्यांच्यावर असताना शुगर फार वाढलेली न दिसता पण रक्तात आम्ल साठू शकतं. गोळी मनानं बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. आणि उलट्या, पोटात दुखणं, श्वास जोरजोरात चालणं, खूप तहान, गुंगी यातलं काही दिसलं तर सकाळची एसटी बघत बसायचं नाही, रात्रीच कॅज्युअल्टीला न्यायचं.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्या काळजीनंच बोलत असतील, पण कोड रक्तात उतरत नाही, काही पोखरत आत जात नाही. आपल्या त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशी असतात, मेलॅनोसाइट म्हणतात त्यांना. शरीराची जी राखण करणारी यंत्रणा आहे, म्हंजे पांढऱ्या पेशी, त्यातल्या टी-सेल या रंगाच्या पेशींनाच परकं समजून मारतात आणि तिथं डाग पडतो. ज्या माणसाच्या यंत्रणेत ही चूक एकदा झाली त्याच्यात तीच चूक थायरॉईडच्या गाठीबाबत, पोटाच्या अस्तराबाबत, इन्सुलिनच्या पेशींबाबत व्हायची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते, कारण मुळातली जनुकं बऱ्याच अंशी तीच. म्हंजे कोडानं थायरॉईड आणला असं नाही, कोड काही थायरॉईडची आई नव्हे, दोघी एका घरातल्या बहिणी आहेत. एक आली म्हणून दुसरी येईलच असं पण नाही. कोड असलेल्या शंभर लोकांमागं साधारण १५ ते २५ जणांना आणखी एखादा ऑटोइम्यून आजार सापडतो, त्यात सगळ्यात मोठा वाटा थायरॉईडचा. बाकीच्या पंच्याहत्तर ते पंच्याऐंशी जणांना डागांशिवाय दुसरं काही होत नाही. तुम्ही त्या थोड्यांमध्ये आलात, हे खरं आहे, पण म्हणून यादीतले सगळे आजार तुमच्याकडं रांग लावून येणार असा अर्थ होत नाही.

आणि डागाची साइज आणि आतले आजार यांचं काही गणित नसतं. अंगभर कोड असलेला माणूस सत्तरीपर्यंत ठणठणीत असतो, आणि नुसत्या पापणीवर डाग असलेलीला थायरॉईड असतो. एक फरक मात्र आहे. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखं येणारं कोड असतं, सेगमेंटल म्हणतो आम्ही, ते बहुतेक लहान वयात येतं, वर्ष-दोन वर्षांत पसरून थांबतं, आणि त्याच्यासोबत हे बाकीचे आजार फार कमी दिसतात. तुमचं दोन्ही बाजूंनी आहे, बोटं-ओठ-डोळे, म्हणून तुमच्यासाठी ही चर्चा लागू आहे. तसंच टिकलीच्या गोंदानं कपाळावर बरोबर गोल डाग पडतो किंवा रबरी चपलेच्या पट्ट्यासारखा पायावर डाग उमटतो, ते केमिकलनं रंगाच्या पेशी मेल्यानं होतं, त्याला थायरॉईड-बिरॉईड शोधत बसायचं कारण नाही, आधी ती टिकली नि ती चप्पल बंद करायची.

थायरॉईडचं बोलू. कोडाच्या पेशंटमध्ये दर सहा-सात जणांमागं एकाला थायरॉईडचा काही ना काही त्रास सापडतो, जास्त करून बायकांना, आणि वय वाढेल तसं प्रमाण वाढतं. बहुतेकांचा थायरॉईड मंद होतो, हाशिमोटो म्हणतात त्याला, थोड्यांचा उलट जास्त चालतो. तुमची गोळी चालू आहे म्हंजे मंदच असणार. मला विचारायचंय ती गोळी तुम्ही घेता कशी? कारण आपल्याकडं पहाटे उठलं की चूल पेटायच्या आधी चहा लागतो आणि गोळी चहाच्या घोटाबरोबर जाते. थायरॉक्सिन उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास, जमलं तर तासभर चहा पण नाही. आणि लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती चार तासांनंतर, दुपारच्या जेवणाच्या वेळेला टाका. डोस वाढवत नेला तरी टीएसएच (थायरॉईड मंद असला की रक्तातला हा आकडा वाढतो) खाली येत नाही म्हणून रडवेल्या झालेल्या कितीतरी बायकांचा प्रश्न माझ्याकडं एवढ्यावरच सुटलाय.

दुसरी गोष्ट अशी की केसगळतीसाठी आजकाल प्रत्येकजण बायोटिन खातो, मेडिकलवाला स्वतःहून देतो. बायोटिनमुळं काही मशीनवर थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येतो, टीएसएच खोटा कमी आणि टी४, म्हंजे थायरॉईडचं हार्मोन, खोटं जास्त दिसतं, म्हंजे मंद थायरॉईडचा माणूस कागदावर जास्त चालणाऱ्या थायरॉईडचा दिसायला लागतो आणि त्याची गोळी कमी केली जाते. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा पण. आयोडीनचं मीठ बंद करू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. आणि थायरॉईडची गोळी चालू केली म्हणून डागात रंग भरेल अशी आशा कुणी लावली असेल तर तसं होत नाही, ती गोळी थकव्यासाठी, पाळीसाठी, हृदयासाठी, पुढं दिवस गेले तर बाळासाठी आहे. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा, दिवस राहिले की लगेच डोस वाढवावा लागतो, सोनोग्राफीची वाट बघायची नसते.

बऱ्याच जणांना अँटी-टीपीओ अँटिबॉडी, म्हंजे थायरॉईडवरच्या हल्ल्याची खूण, पॉझिटिव्ह येते आणि टीएसएच नॉर्मल असतो. ते कागद घेऊन लोक घाबरून येतात. त्याला औषध नाही आणि लागत पण नाही, वर्षातनं एकदा टीएसएच बघायचा, बास.

आता तुमच्या मुंग्या. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथं माझी स्वतःची एक चूक आहे आणि ती मी विसरलेली नाही.

तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार होते, पन्नाशीचे, हातापायावर कोड. माझ्याकडं लाइट थेरपीला, म्हंजे डागांवर प्रकाशाचा उपचार घ्यायला, यायचे आठवड्यातनं दोनदा. एकदा म्हणाले, "मॅडम, गादीवर चालल्यासारखं लागतंय बघा." मी त्या वेळी डागात रंग किती भरला ते बघत होते, फवारणीच्या दिवसात दिवसभर उभं राहून झालं असेल असं मीच म्हणाले आणि मल्टिव्हिटॅमिन लिहून दिली. आठ महिन्यांनी ते काठी घेऊन आले. अंधारात तोल जात होता, शर्टाची बटणं लावता येत नव्हती. बी१२ शंभराच्या खाली. आणि ते माळकरी नव्हते, घरात मटण-अंडी-दूध सगळं होतं, म्हंजे खाण्यात कमी नव्हतं, पोटात शोषलंच जात नव्हतं. घरात काय खातात ते त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, पण जोडून बघायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. इंजेक्शनांनी चालणं सुधारलं, काठी सुटली, पण तळव्यांचा बधिरपणा पूर्ण गेला नाही तो नाहीच. तेव्हापासून माझ्या टेबलासमोर बसलेल्या प्रत्येक कोडाच्या पेशंटला मी पायाचं विचारते.

होतं काय की पोटाच्या अस्तरात एक प्रथिन बनतं, इन्ट्रिन्सिक फॅक्टर, ते बी१२ ला धरून आतड्यात पोचवतं. त्या अस्तरावरच हल्ला झाला की खाल्लेलं बी१२ सरळ बाहेर जातं. याला पर्निशियस अॅनिमिया म्हणतात आणि कोडाच्या लोकांत तो इतरांपेक्षा जास्त दिसतो. पण ताई, तुमचं घर माळकरी आहे, आणि आपल्याकडं शाकाहारी घरात बी१२ कमी असणं इतकं सर्रास आहे की तुमचं कारण साधं खाण्याचं पण असू शकतं. दोन्ही शक्यता उघड्या ठेवायच्या. ठरवायचं कसं? इन्ट्रिन्सिक फॅक्टरची अँटिबॉडी आणि पोटाच्या पेशींची म्हंजे पॅरिएटल सेलची अँटिबॉडी बघतात, त्यातली पहिली पॉझिटिव्ह आली तर निदान जवळपास पक्कं, निगेटिव्ह आली म्हणून आजार नाहीच असं मात्र म्हणता येत नाही. अॅसिडिटीच्या गोळ्या, पॅन्टोप्राझोल वगैरे, वर्षानुवर्षं चालू असतील तर त्यानं पण बी१२ उतरतं, आणि शुगरच्या मेटफॉर्मिननं पण. हे सगळं डॉक्टरांना सांगा. अस्तर सुकल्याचा संशय असेल तर एकदा एंडोस्कोपी लागते, कारण अशा पोटात पुढं गाठी व्हायचा धोका थोडा जास्त असतो.

पण कारण शोधत बसल्यामुळं उपचार थांबवायचा नाही. पायाला मुंग्या आहेत म्हंजे नसांपर्यंत गेलंय, अशा वेळी सुरुवात इंजेक्शनांनी करतात, आधी जवळजवळ आणि मग लांब लांब, आणि कारण पोटाचं असेल तर ते जन्मभर चालतं. नुसती फॉलिक अॅसिडची गोळी खाऊन भागवू नका, त्यानं हिमोग्लोबिन सुधारतं आणि सगळं बरं चाललंय असं वाटतं, आत नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. आणि बी१२ कमी असून पण सीबीसी, म्हंजे रक्तपेशींची साधी तपासणी, नॉर्मल दिसू शकतो, खास करून बायकांमध्ये लोह पण कमी असतं तेव्हा, कारण लोहानं पेशी लहान होतात आणि बी१२ नं मोठ्या, दोन्ही मिळून कागदावर सरासरी बरोबर येते. म्हणून "रक्त चांगलं आहे" एवढ्यावर मुंग्या सोडून द्यायच्या नाहीत. अजून एक, अॅनिमिया असताना तीन महिन्यांची शुगर, एचबीए१सी, खरी असते त्यापेक्षा जास्त दिसू शकते, तर तेवढ्या एका आकड्यावर तुम्हाला कुणी शुगर लावली तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची पण बघायला सांगा.

बाकीचे आजार भराभर सांगते, यातले बरेच तुम्हाला कधी होणार पण नाहीत, फक्त ओळख असू द्या.

डोक्यात किंवा दाढीत रुपयाएवढं गोल टक्कल, चाई, हे कोडाच्या लोकांत दिसतं, कोवळ्या वयात केस पिकणं पण. सोरायसिस दिसतो. सकाळी उठल्यावर हाताची बोटं तासभर आखडलेली राहणं आणि सांधे सुजणं, हे आमवाताचं, त्याला वेळ न घालवता सांध्याच्या डॉक्टरांकडं जायचं. उन्हात गेलं की गालांवर लाल चट्टे, तोंडात फोड, सांधेदुखी असं असेल तर ल्युपस बघायचा, आणि हे लाइट थेरपी चालू करायच्या आधी बघायचं, कारण कोडाला जो ३११ नॅनोमीटरचा प्रकाश देतो त्यानं ल्युपस भडकतो. आतड्यांची सूज, वारंवार रक्त-शेम पडणं, हे पण यादीत आहे.

एक आजार क्वचित येतो पण चुकला तर जीवावर बेततो, अॅडिसन. किडनीच्या वरच्या छोट्या ग्रंथी बंद पडतात. गंमत अशी की यात माणूस पांढरा होत नाही, काळा पडतो, हिरड्या, तळहाताच्या रेषा, जुन्या जखमांचे व्रण काळपट होतात, आणि त्याच्या शेजारी कोडाचे डाग आणखीच उठून दिसतात. सोबत वजन उतरणं, उभं राहिलं की चक्कर, बीपी कमी, नुसतं मीठ खावंसं वाटणं. आपल्याकडं टीबीनं पण हा होतो. सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसॉल तपासणी लागते. आणि हा लपलेला असताना थायरॉईडची गोळी चालू केली तर पेशंट आणखी खालावतो, म्हणून थायरॉईडच्या गोळीनं बरं वाटायच्या ऐवजी कुणी खंगत चाललं असेल तर डोस वाढवायच्या आधी हे डोक्यात यायला पाहिजे.

यालाच जोडून एक सांगते आणि मनापासून सांगते. गावोगावी कोडाची पुडी मिळते, "शुद्ध आयुर्वेदिक, आठ दिवसांत फरक." कित्येकदा त्यात स्टेरॉईड मिसळलेलं असतं. पेशंट येतो तो चेहरा गोल सुजलेला, पोटावर जांभळे पट्टे, शुगर वाढलेली, हाडं ठिसूळ, आणि घरचे म्हणतात बघा कोडानं शुगर आली. ती पुडीनं आलेली असते. आणि पुडी एकदम बंद केली तर ग्रंथी झोपलेल्या असल्यामुळं माणूस कोसळू शकतो, म्हणून तशी पुडी चालू असेल तर आम्हाला दाखवा, ओरडणार नाही, हळूहळू बंद करू. बावचीचं तेल लावून उन्हात बसून भाजून घेतलेले पेशंट तर दर उन्हाळ्यात येतात. बावची पोटात घेऊन लिव्हरला सूज आल्याचं पण नोंदवलेलं आहे. नव्या औषधांचं पण सांगते, जॅक इनहिबिटर म्हणतात ती, टी-सेलचा हा हल्ला थोपवणारी. रुक्सोलिटिनिबच्या मलमाला अमेरिकेत २०२२ मध्ये कोडासाठी मान्यता मिळाली. याच जातीच्या पोटात घ्यायच्या गोळ्या पण काही ठिकाणी देतात, त्या चालू करायच्या आधी टीबीची तपासणी झालीच पाहिजे.

डोळ्याचं विसरू नका. रंगाच्या पेशी डोळ्यात आणि कानात पण असतात. डोळे लाल होऊन दुखणं, उजेड सहन न होणं, दोन्ही डोळ्यांना एकदम धूसर दिसायला लागणं, सोबत डोकेदुखी, कानात आवाज, असं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं. हे फार थोड्यांना होतं, पण उशीर झाला तर नजर जाते.

एक चांगली बातमी पण आहे, ती कुणी सांगत नाही. कोड असलेल्यांना मेलॅनोमा नावाचा त्वचेचा कॅन्सर इतरांपेक्षा कमी होतो, जी यंत्रणा रंगाच्या पेशींवर डोळा ठेवून असते तीच बिघडलेल्या पेशी पण टिपते. डाग उन्हात भाजतात म्हणून टोपी, स्कार्फ, सनस्क्रीन वापरा, पण उन्हाला घाबरून घरात कोंडून घेऊ नका. घरात बसून व्हिटॅमिन डी तळाला गेलेले पेशंट मी जास्त बघते. डीची साठ हजारची पुडी मात्र डॉक्टरांनी सांगितली तितकेच आठवडे घ्यायची, वर्षभर घेत राहिलात तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो.

आणि मन. याला मी शेवटी ढकलणार होते, पण खरं तर कोडाच्या लोकांत सगळ्यात जास्त दिसणारा जोडीचा आजार उदासीनता आणि चिंता हाच असेल असं मला माझ्या खुर्चीवरनं वाटतं. लग्नात हळदीला पुढं जायचं नाही, कुणाच्या ताटाला हात लावायचा नाही, फोटोत मागं उभं राहायचं. श्वेतकुष्ठ या एका शब्दानं किती घरं मोडली असतील. याचा कुष्ठरोगाशी काडीचा संबंध नाही, हे लागत नाही, ताटातनं नाही, अंथरुणातनं नाही. आणि कुष्ठरोगाचं म्हणाल तर घटस्फोटाच्या कारणांमधनं तो सुद्धा २०१९ मध्ये कायद्यानंच काढून टाकलाय. झोप उडणं, कशातच मन न लागणं, रडू येणं हे दोन आठवड्यांच्या वर चाललं तर सांगा. आधी थायरॉईड आणि बी१२ नीट आहे का बघायचं, कारण ती दोन्ही पण माणसाला असंच करतात, आणि ते ठीक असलं तरी त्रास असेल तर मनाचा उपचार घ्यायचा, १४४१६ हा टेलीमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आता पॅकेज. करू नका. त्यात साठ-सत्तर टेस्ट असतात, त्यातली एखादी रेघेच्या जरा बाहेर जातेच आणि मग तिच्या मागं पळापळ. एएनए नावाची, ल्युपससारख्या आजारांसाठी करतात ती टेस्ट तर चांगल्या धडधाकट माणसात पण पॉझिटिव्ह येते, लक्षणं नसताना ती कधी करू नये. कोड नवीन निघालं की टीएसएच, अँटी-टीपीओ, सीबीसी, बी१२, शुगर, एवढं एकदा बघावं असं माझं मत. नंतर टीएसएच वर्षातनं एकदा, बाकी काही त्रास असेल तर. तुमचं थायरॉईड निघालेलंच आहे, तेव्हा अँटी-टीपीओ परत परत करायचं कारण नाही. तुम्हाला आता लागतं ते टीएसएच, सीबीसी, लोहाचा साठा म्हंजे फेरिटिन, शुगर, आणि वर सांगितलेल्या दोन पोटाच्या अँटिबॉडी. साध्या टेस्ट साताऱ्याच्या सिव्हिलला विचारा, पॅकेजचे पैसे भावाच्या जीएडी आणि सी-पेप्टाइडला ठेवा, त्या जरा महाग असतात. खाण्यापिण्यात काही पथ्य नाही, दूध-मासे एकत्र खाल्ल्यानं कोड होत नाही, आंबट बंद करायची गरज नाही. माळकरी असलात तरी दूध, दही, ताक, पनीर चालतं ना, ते रोज ठेवा, पण आत्ताची कमी तेवढ्यानं भरून निघणार नाही.

मुलीचं. आई-वडिलांपैकी एकाला कोड असेल तर मुलाला व्हायची शक्यता शंभरात सहा-सात, म्हंजे नव्वदच्या वर मुलांना होत नाही. हुबेहूब जुळ्यांमध्ये एकाला असलं तर दुसऱ्याला होतं ते पण शंभरात तेवीसच्या आसपास, तेव्हा नुसत्या रक्तावर सगळं ठरत नाही हे बघा. तिची आत्ता कुठलीच तपासणी करू नका, ना जीन्सची, ना अँटिबॉडीची. डोळे उघडे ठेवा एवढंच. शाळेत वजन-उंची घेतात ती वहीत लिहून ठेवा, वर्षभरात उंची वाढलीच नाही, अभ्यासात एकदम मंद झाली, तर टीएसएच. खूप पाणी प्यायला लागली, अंथरुणात परत लघवी व्हायला लागली, वजन उतरलं, तर त्याच दिवशी शुगर, दुसऱ्या दिवसावर नाही. मामाचं टाइप १ निघालं तर हे आणखी लक्षात ठेवायचं.

रोज सकाळी तिच्या अंगावर डाग शोधत बसू नका मात्र. पोरींना कळतं आई काय बघतेय. माझ्याकडं अशीच एक मुलगी यायची, अंगावर एक डाग नव्हता, आणि तरी ती फुल बाह्यांचा फ्रॉक घालून यायची, कारण आई तशीच यायची. तुम्ही ओठांना लावायला कव्हर करायचं काही विचारलंय, ते लावा, हौसेनं लावा, पण घरात तिच्यासमोर कधी न लावता पण बसत जा. आणि तिनं कधी हात धरून विचारलं हे काय आहे, तर तिला खरं सांगा, की इथला रंग गेलाय, दुखत नाही, तुला लागत नाही.

भावाचं काय झालं ते कळवा.